वाचकांचे प्रश्न: इंग्रजी क्रियापद आणि त्याचे कर्म

इंग्रजी क्रियापदापुढे कर्म कसे आणि कुठे येते, याविषयीची बरीच पत्रे या वेळी एकत्र आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या आणि तिसऱ्या पत्रातील मुद्दे अनेकांच्या मनात असणार, म्हणून तेथे विस्ताराने लिहिले आहे.

प्रश्न: मी शिवाजीनगर येथील एका कार्यालयात लिपिक आहे. मी तयार केलेल्या पत्राच्या मसुद्यात साहेबांनी नुकत्याच दोन दुरुस्त्या केल्या. ‘वुई डिस्कस्ड अबाउट द प्रपोजल’ यातील ‘अबाउट’ त्यांनी खोडला आणि ‘काइंडली एक्स्प्लेन अस द रीझन्स’ याऐवजी ‘काइंडली एक्स्प्लेन द रीझन्स टू अस’ असे केले. एका ठिकाणी शब्द काढायचा आणि दुसऱ्या ठिकाणी घालायचा, यामागे काही नियम आहे की नुसती वहिवाट?

उत्तर: दोन्ही दुरुस्त्या योग्य आहेत, मात्र त्यांची कारणे वेगवेगळी आहेत.

पहिली दुरुस्ती आधी घेऊ. मराठीत आपण ‘प्रस्तावाविषयी चर्चा केली’ असे म्हणतो. या वाक्यात काय केले, असे विचारले तर उत्तर ‘चर्चा’ असे येते. म्हणजे ‘करणे’ या क्रियापदाचे कर्म ‘चर्चा’ हे आहे आणि ‘केली’ हे स्त्रीलिंगी रूपही तिच्यामुळेच आले आहे. कर्माची जागा अशी आधीच भरलेली असल्यामुळे प्रस्तावाला तेथे शिरता येत नाही, आणि तो ‘विषयी’ किंवा ‘वर’ या शब्दयोगी अव्ययाच्या आधाराने वाक्यात येतो. इंग्रजीत ‘चर्चा करणे’ हा सगळा अर्थ ‘डिस्कस’ या एकाच क्रियापदात सामावलेला आहे. त्यामुळे त्याच्यापुढची कर्माची जागा रिकामी राहते, आणि ती प्रस्तावाने थेट भरायची असते. म्हणून ‘वुई डिस्कस्ड द प्रपोजल’ एवढेच पुरते.

ही एक गोष्ट नीट ध्यानात आली की मराठी माणसाच्या इंग्रजीतील पुष्कळशा चुका एकदम समजतात. नाम घेऊन त्याला ‘करणे’ किंवा ‘देणे’ जोडायचे आणि क्रियापद तयार करायचे, ही मराठीची आवडती रीत आहे: रजेची विनंती करणे, वर्गात प्रवेश करणे, मुद्द्यावर भर देणे, देखाव्याचे वर्णन करणे, नावाचा उल्लेख करणे. यांतील ‘ची’, ‘त’, ‘वर’, ‘चे’, ‘चा’ हे सगळे आपण नकळत इंग्रजीत घेऊन जातो आणि ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, ‘ही एंटर्ड इन्टू द क्लासरूम’, ‘शी एम्फसाइझ्ड ऑन द पॉइंट’, ‘डिस्क्राइब अबाउट द सीन’ अशी वाक्ये लिहितो. या चारही क्रियापदांना कर्म थेट लागते. मधले ‘फॉर’, ‘इन्टू’, ‘ऑन’ आणि ‘अबाउट’ काढून टाकावेत. कार्यालयीन पत्रव्यवहारात एक अपवाद मात्र वारंवार भेटतो. करार करणे या अर्थी ‘एंटर इन्टू अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट’ असेच लिहितात आणि तेथे ‘इन्टू’ आवश्यक असतो, कारण तेथे एखाद्या जागेत शिरणे अभिप्रेत नाही.

गोंधळात भर पडते ती इंग्रजी नामांमुळे. क्रियापदाला जो शब्द नको असतो, तो त्याच अर्थाच्या नामाला हवा असतो. ‘अ डिस्कशन अबाउट द प्रपोजल’, ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, ‘एम्फसिस ऑन द पॉइंट’ हे सर्व शुद्ध आहे. त्यातही ‘रिक्वेस्ट’ हा शब्द नाम म्हणून आणि क्रियापद म्हणून एकाच रूपात येत असल्यामुळे तेथे फसगत होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी त्या शब्दाच्या मागे काय आहे ते पाहावे. मागे ‘अ’, ‘द’ किंवा ‘माय’ असेल तर ते नाम आहे, आणि ‘फॉर’ येऊ द्यावा. मागे ‘आय’ किंवा ‘वुई’ असा कर्ता असेल तर ते क्रियापद आहे, आणि ‘फॉर’ गाळावा.

आता ‘एक्स्प्लेन’. येथे दोष आपल्या ‘ला’कडे जातो. ‘मी त्याला पाहिले’ आणि ‘मी त्याला पुस्तक दिले’ या दोन वाक्यांतील ‘त्याला’ दिसायला एकच आहे, पण पहिल्यात ते प्रत्यक्ष कर्म आहे आणि दुसऱ्यात अप्रत्यक्ष. मराठीत हा भेद न ओळखताही काम निभते, कारण प्रत्यय नामाला चिकटलेला असतो आणि नाम वाक्यात कुठेही ठेवले तरी अर्थ बदलत नाही. इंग्रजीतही एके काळी असे प्रत्यय होते. ते झिजत गेले, आणि १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरच्या दोन-तीन शतकांत बहुतेक नाहीसे झाले. आज ‘हिम’, ‘देम’ यांसारख्या सर्वनामांत त्यांचे अवशेष उरले आहेत. जुन्या इंग्रजीत ‘हिम’ हे रूप अप्रत्यक्ष कर्माचे होते आणि प्रत्यक्ष कर्मासाठी ‘हिने’ हे निराळे रूप होते. पुढे ‘हिने’ गेले आणि ‘हिम’ दोन्ही कामे करू लागले, अगदी आपल्या ‘त्याला’प्रमाणे. प्रत्यय गेल्यावर कर्म ओळखण्याचा भार शब्दांच्या क्रमावर पडला. कोणत्या क्रियापदाच्या लगेच पुढे कोणाला बसता येईल, हे इंग्रजीत प्रत्येक क्रियापदागणिक ठरलेले आहे ते यामुळे.

‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘शो’, ‘टेल’, ‘टीच’, ‘लेंड’ ही क्रियापदे द्विकर्मक आहेत. त्यांच्या लगेच पुढे व्यक्ती आणि मग वस्तू, अशी दोन कर्मे चालतात: ‘शी सेंट अस द फाइल’. ‘एक्स्प्लेन’, ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’, ‘अनाउन्स’ यांना ही मुभा नाही. त्यांच्यापुढे फक्त विषय बसतो, आणि व्यक्तीला ‘टू’ लावून मागे पाठवावे लागते. पहिल्या गटातील शब्द इंग्रजीचे मूळचे, घरचे आहेत. दुसऱ्या गटातील लॅटिनमधून, काही फ्रेंचच्या वाटेने आलेले आहेत. उच्चारातही एक खूण सापडते. पहिल्या गटातील शब्द एका अवयवाचे (एका सिलॅबलचे) आहेत आणि दुसऱ्या गटात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटच्या अवयवावर येतो. ‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’ हे शब्द लॅटिन वळणाचे असले तरी त्यांचा आघात पहिल्या अवयवावर आहे, आणि त्यांना दोन कर्मे चालतात. ही खूण उपयोगाची आहे, पण तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. ‘से’ हा अस्सल इंग्रजी, एका अवयवाचा शब्द आहे, तरीही ‘ही सेड अस द ट्रूथ’ चालत नाही. उलट ‘अलाउ’मध्ये आघात शेवटी असूनही ‘अलाउ हिम थ्री डेज’ बिनचूक आहे.

याच दोषाचे आणखी एक रूप अर्जांमध्ये हमखास दिसते: ‘आय वॉज एक्स्प्लेन्ड दॅट द फी इज नॉन-रिफंडेबल’. कर्मणी प्रयोगात कर्त्याच्या जागी जाण्याचा अधिकार कर्मालाच असतो. ‘एक्स्प्लेन’पुढे व्यक्ती कर्म म्हणून बसतच नाही, म्हणून तिला तेथून उचलून वाक्याच्या आरंभी नेता येत नाही. येथे ‘आय वॉज टोल्ड’ लिहावे. ‘टेल’ला व्यक्ती चालते.

प्रश्न: मी अकरावीत शिकते. कर्म ओळखण्यासाठी क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असा प्रश्न विचारावा, असे शाळेत शिकवले होते. पण ‘ही बिकेम अ डॉक्टर’ या वाक्यात ‘काय झाला?’ असे विचारले की ‘डॉक्टर’ हे उत्तर येते. मग ते कर्म आहे का? — एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर: नाही. शंका मात्र अतिशय योग्य आहे. त्या वाक्यातील ‘तो’ आणि ‘डॉक्टर’ ही एकच व्यक्ती आहे. क्रिया एकाकडून निघून दुसऱ्यावर पोहोचलेली नाही. कर्त्याविषयीचे विधान तेवढे पुरे झाले आहे. म्हणून ‘डॉक्टर’ हे विधानपूरक आहे. ‘ही कन्सल्टेड अ डॉक्टर’ या वाक्यात मात्र माणसे दोन आहेत, आणि तेथे ‘डॉक्टर’ हे कर्म आहे.

‘काय?’ हा प्रश्न टाकून देऊ नका, पण त्याच्या जोडीला वाक्य कर्मणी करून पाहा. ‘अ डॉक्टर वॉज कन्सल्टेड’ हे वाक्य होते. ‘अ डॉक्टर वॉज बिकम’ हे होत नाही. ‘ही वॉक्ड फाइव्ह माइल्स’ यातील ‘पाच मैल’ हेही कर्म नव्हे, ते अंतर आहे; मराठीत ‘तो पाच मैल चालला’ या वाक्यात ‘चालला’ हे रूप ‘तो’प्रमाणे राहते, यावरूनही ते कळते. ही कसोटी दोन-चार ठिकाणी अडते. ‘शी हॅज अ हाउस’ यात घर हे कर्म आहे, तरीही ‘अ हाउस इज हॅड’ असे कोणी म्हणत नाही. ‘हॅव’, ‘लॅक’, ‘रिझेम्बल’ ही क्रियापदे मालकी, उणीव, साम्य अशी स्थिती सांगतात, क्रिया सांगत नाहीत, आणि म्हणून सहसा कर्मणी होत नाहीत.

तुमच्या पत्रात शेवटी ‘आय लाइक मँगोज’ या वाक्याचा उल्लेख आहे. त्यात आंबे हे कर्म आहे, याबद्दल संशय नको. मराठीत ‘मला आंबे आवडतात’ असे म्हणताना आवडणारी वस्तू प्रथमेत असते, क्रियापद तिच्याप्रमाणे चालते आणि आपण स्वतः ‘मला’ होऊन बाजूला उभे राहतो. म्हणून तुमचा गोंधळ झाला असावा. इंग्रजीचीही पूर्वी हीच रचना होती. ‘लाइक’चा जुना अर्थ ‘रुचणे’ असा होता, आणि ज्याला ती गोष्ट रुचते तो अप्रत्यक्ष कर्माच्या रूपात येत असे. जुन्या नाटकांतून भेटणारा ‘मीथिंक्स’ हा शब्द त्याच घडणीचा असून त्याचा अर्थ नेमका ‘मला वाटते’ असा आहे. पुढे इंग्रजीने ‘मला’ची जागा ‘मी’ला दिली आणि आंबा कर्म झाला.

प्रश्न: नातवाच्या वहीत ‘द ग्लास ब्रोक’ हे वाक्य बाईंनी बरोबर धरले आहे. पेला आपला आपण कसा फुटेल? ‘वॉज ब्रोकन’ असे हवे ना? शिवाय ‘लाय’ आणि ‘ले’ यांतला फरक मला त्याला समजावून सांगता येत नाही. — एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर: आजी, बाईंनी दिलेली खूण योग्य आहे. तुम्ही नातवाला ‘पेला फुटला’ आणि ‘तू पेला फोडलास’ यांतला फरक समजावून सांगू शकता ना? तोच येथे आहे. मराठीत त्यासाठी ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’ अशी दोन क्रियापदे आहेत, तर इंग्रजीत ‘ब्रेक’ हे एकच क्रियापद दोन्ही कामे करते. पुढे कर्म असले तर ते ‘फोडणे’ आहे आणि नसले तर ‘फुटणे’. ‘ओपन’, ‘मेल्ट’, ‘बर्न’, ‘चेंज’ यांचेही असेच आहे. ‘वॉज ब्रोकन’ हेही शुद्ध आहे, पण त्याचा अर्थ ‘फोडला गेला’ असा होतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात कोणी फोडला हा प्रश्न उभा राहतो. ‘ब्रोक’मध्ये तो प्रश्न उठत नाही. मराठीलाही हा प्रकार परका नाही: ‘दार उघडले’ आणि ‘तिने दार उघडले’, ‘काठी मोडली’ आणि ‘त्याने काठी मोडली’, येथे आपलेही क्रियापद एकच आहे.

मात्र सगळीच इंग्रजी क्रियापदे अशी दुहेरी नाहीत. ‘हॅपन’, ‘ऑकर’, ‘डाय’, ‘अराइव्ह’ ही निखळ अकर्मक आहेत. ‘द अ‍ॅक्सिडेंट वॉज ऑकर्ड’ आणि ‘द मीटिंग वॉज हॅपन्ड’ ही वाक्ये इतकी सर्रास लिहिली जातात की ती डोळ्यांना खटकेनाशी झाली आहेत, पण ती अशुद्ध आहेत. ज्या क्रियापदाला कर्म नाही, त्याचा कर्मणी प्रयोग कशाच्या बळावर करणार?

आता ‘लाय’ आणि ‘ले’. ‘लाय’ म्हणजे आडवे होणे किंवा पडून असणे. त्याला कर्म नाही. ‘ले’ म्हणजे आडवे ठेवणे. त्याला कर्म लागतेच. कोंबडी अंडे घालते तेव्हा ‘ले’, आणि अंडे घरट्यात पडून असते तेव्हा ‘लाय’. फाइल टेबलावर असते तेव्हा ‘द फाइल इज लाइंग ऑन द टेबल’. तेथे ‘लेइंग’ लिहिले तर फाइल काहीतरी ठेवत आहे असा अर्थ होईल. खरी अडचण भूतकाळात येते. ‘लाय’चे भूतकाळी रूप ‘ले’ असेच आहे आणि तिसरे रूप ‘लेन’. तर ‘ठेवणे’ या अर्थाच्या ‘ले’ची पुढची दोन्ही रूपे ‘लेड’ आहेत. ‘ही ले डाउन’ म्हणजे तो आडवा झाला; ‘ही लेड द बुक डाउन’ म्हणजे त्याने पुस्तक खाली ठेवले. ही रूपे पाठच करायला हवीत.

पण पाठांतरापूर्वी नातवाला एक गंमत अवश्य दाखवा. ‘पडणे’ आणि ‘पाडणे’, ‘मरणे’ आणि ‘मारणे’, ‘चरणे’ आणि ‘चारणे’, ‘गळणे’ आणि ‘गाळणे’ अशा जोड्या त्याला म्हणायला लावा. मधला स्वर बदलला की अकर्मक क्रियापद सकर्मक होते. इंग्रजीत ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. ‘राइज’ म्हणजे वर येणे आणि ‘रेज’ म्हणजे वर उचलणे. आणि ‘लाय’–‘ले’ ही जोडी त्यांतलीच. हे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृतात ‘पतति’ म्हणजे पडतो आणि ‘पातयति’ म्हणजे पाडतो. या प्रयोजक रूपांतूनच ‘पाडणे’ आले. इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातील आहे, त्या कुळातील जुन्या भाषांतही प्रयोजक क्रियापदे याच रीतीने, मधला स्वर बदलून आणि पुढे प्रत्यय लावून होत असत. दोन्हींचा उगम मूळ इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत आणि जर्मानिक या दोहोंच्या पूर्वज भाषेतील एकाच प्रयोजक रूपात आहे. पुढे इंग्रजीतला प्रत्यय झिजून गेला आणि बदललेला स्वर तेवढा मागे उरला. म्हणून आज ही जोडी नियमाविना आल्यासारखी वाटते. सदाशिव पेठेतल्या मुलाला ‘पडणे–पाडणे’ जन्मापासून येते. त्याला ‘लाय–ले’ अनोळखी वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न: सिंहगडाच्या सहलीविषयी मुलाने ‘वुई एंजॉइड अ लॉट’ असे लिहिले. त्याला गुण मिळाला नाही. का? — एक पालक, धनकवडी

उत्तर: मराठीत ‘मजा केली’ म्हटले की वाक्य पुरे होते, कारण ‘मजा’ हेच कर्म आहे. ‘एंजॉय’ला प्रमाण इंग्रजीत स्वतःचे कर्म लागते: ‘वुई एंजॉइड द ट्रेक’ किंवा, काहीच सांगायचे नसेल तर, ‘वुई एंजॉइड अवरसेल्व्ह्ज’. बोलण्यात नुसते ‘एंजॉय!’ सर्वत्र ऐकू येते, पण परीक्षेत ते टाळावे. ‘एंजॉय’च्या कर्माच्या जागी दुसरे क्रियापद आणायचे असेल तर ते ‘इंग’ लावून आणावे: ‘वुई एंजॉइड क्लाइंबिंग द फोर्ट’. ‘टू क्लाइंब’ येथे चालत नाही. ‘फिनिश’ आणि ‘अव्हॉइड’ यांचाही नियम हाच आहे.

प्रश्न: मी हिंजवडीत नोकरी करतो. ‘प्लीज रिप्लाय हिम’ हे चूक आणि ‘प्लीज आन्सर हिम’ हे बरोबर, असे माझी सहकारी म्हणते. दोन्ही म्हणजे उत्तर देणेच ना? अशी क्रियापदे लक्षात ठेवण्यासाठी एखादी यादी सुचवावी.

उत्तर: तुमच्या सहकारी बरोबर सांगतात. ‘रिप्लाय’ला व्यक्तीपूर्वी ‘टू’ हवा, ‘आन्सर’ला नको. ‘आन्सर टू हिम’ असे लिहिले तर अर्थच पालटतो; त्याला जाब देणे, त्याच्या अधिकाराखाली असणे, असा तो होतो. ‘लिसन’ला ‘टू’ हवा आणि ‘हिअर’ला नको, ‘वेट’ला ‘फॉर’ हवा आणि ‘अवेट’ला नको. अर्थ जवळचा असला म्हणून रचना सारखी असेलच असे नाही, हे या जोड्यांवरून ध्यानात येईल.

यादी मी देणार नाही, कारण ती कितीही लांबवली तरी अपुरीच राहील, आणि नुसती क्रियापदे पाठ करून उपयोग नाही. त्याऐवजी परदेशी विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी–इंग्रजी शब्दकोश विकत घ्या. अप्पा बळवंत चौकात तो सहज मिळतो. अशा कोशांची परंपरा ए. एस. हॉर्नबी यांच्या कामातून रुजली. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत असत. शब्दाचा अर्थ कळूनही परक्या विद्यार्थ्याला वाक्य रचता येत नाही, आणि अडचण बहुधा क्रियापदापुढे काय यावे याची असते, हे त्यांनी ओळखले. सहकाऱ्यांसह त्यांनी केलेला कोश १९४२ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. त्यात क्रियापदांच्या रचनांचे नमुने ठरवून प्रत्येक क्रियापदाला कोणते नमुने चालतात हे दाखवले होते. आजच्या कोशांत हेच काम सकर्मक–अकर्मक दाखवणारी अक्षरे आणि ठळक टाइपातील छोटे नमुने करतात. आपण अर्थ पाहून कोश मिटतो आणि हा भाग वाचायचा राहून जातो.

तुम्ही हा भाग वाचा आणि वहीत क्रियापद एकटे उतरवू नका. ‘एक्स्प्लेन समथिंग टू समबडी’, ‘रिमाइंड समबडी ऑफ समथिंग’, ‘रिप्लाय टू समबडी’ असे कर्माच्या जागांसह उतरवा. पाठवलेल्या जुन्या मेल उघडून रोज दोन-तीन क्रियापदे अशी तपासली तरी सुरुवात होईल. पहिल्यांदा ‘रिव्हर्ट’ तपासा. ‘आय विल रिव्हर्ट यू’ हे कोणत्याच अर्थाने शुद्ध नाही. ‘रिव्हर्ट टू यू’ भारतीय कार्यालयांत रूढ झाले आहे खरे, पण इंग्लंड-अमेरिकेतील ग्राहकाला त्यातून ‘पूर्वस्थितीला परत जाणे’ असा बोध होण्याचा संभव असतो. त्याला ‘आय विल रिप्लाय टू यू बाय फ्रायडे’ असे सरळ लिहावे.